पाणचक्की, मोट आणि साडेसातची मोटार

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. त्याच्या आवारातली पाणचक्की अठराव्या शतकातली. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, कित्येक किलोमीटर जमिनीखालून इथवर आणलं होतं. उंच बांधलेल्या खांबात ते स्वतःच्याच दाबानं वर चढे आणि तिथून खाली चक्राच्या पात्यांवर पडे. चक्राबरोबर जातं फिरे आणि दर्ग्यात उतरलेल्या यात्रेकरूंसाठी दळण निघे. या यंत्राची ताकद मोजायचीच तर ती पिठात.

आज ती वॅटमध्ये मांडता येते. दर सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर खाली पडलं की ९.८ वॅट शक्ती मिळते. समजा, सहा मीटरवरून सेकंदाला दहा लिटर पाणी पडतंय. मग हिशेब होतो ५८८ वॅट, म्हणजे जेमतेम ०.८ अश्वशक्ती (एचपी), आणि त्यातलीही बरीचशी घर्षणात जाणार. आजच्या घरघंटीला एक एचपीची मोटार असते. तरीही इंधनाविना, नुसत्या उतारावर दळण चालवणाऱ्या त्या कारागिरांची समज थक्क करते.

पाणचक्की फिरत होती त्याच शतकात इंग्लंडमध्ये जेम्स वॉटपुढे वेगळाच पेच होता. त्याचं वाफेचं इंजिन खाणमालकांना पटायचं, कारण जुन्या इंजिनाच्या तुलनेत किती कोळसा वाचला ते दाखवता यायचं आणि त्या बचतीचा एक तृतीयांश हिस्सा वॉटच्या कंपनीला मिळायचा. पण ज्या गिरण्यांत घोडेच जुंपलेले होते, तिथे कोळशाची बचत कशी दाखवणार? म्हणून त्यानं घोडाच मोजला. बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे आणि १८० पौंडांची ओढ, असं धरून मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड आले. वॉटनं सरळ ३३,००० धरले. अश्वशक्ती जन्मली ती अशी, विक्रेत्याच्या सोयीसाठी. युरोपात पुढे मेट्रिक अश्वशक्ती आली: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं. वॉटची अश्वशक्ती ७४५.७ वॅटची, ही ७३५.५ वॅटची. खुद्द वॅट हे एकक १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी सुचवलं आणि १९६० मध्ये ते आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आलं.

मराठवाड्यात मात्र घोड्यापेक्षा बैलाचा हिशेब खरा. विहिरीवर मोट, धावेवर बैलजोडी, थारोळ्यात कोसळणारं पाणी. दीडशे लिटरची मोट दहा मीटरवरून अर्ध्या मिनिटात वर आली, तर ओढतानाची शक्ती ४९० वॅट. पण बैलांना उलट पावली परतावं लागतं. तेवढाच वेळ त्यात गेला, तर सरासरी निम्म्यावर, २४५ वॅटवर येते. म्हणजे एक तृतीयांश एचपी, आणि तीही दोन बैल व एक माणूस राबल्यावर! विहिरीवर तीन एचपीची मोटार बसली तेव्हा शिवाराला काय वाटलं असेल, ते या आकड्यांवरून कळतं.

१९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं. खेड्यांत खांब पोचले, तशी ‘तीनची’, ‘पाचची’, ‘साडेसातची’ मोटार बोलण्यात रुळली. त्या मोटारीवरची पट्टी पुसून वाचावी. ५ एचपीपुढे ३.७ किलोवॅट, ७.५ एचपीपुढे ५.५ किलोवॅट. पहिलं रूपांतर जवळपास बरोबर आहे. दुसरं काटेकोरपणे ५.६ हवं, पण किलोवॅटमधल्या मोटारींच्या ठरलेल्या मापांत ५.५ बसतं, म्हणून तेच छापतात. शिवाय पट्टीवरची शक्ती मोटारीच्या दांड्यावर मिळणारी असते. पाचची मोटार ८५ टक्के कार्यक्षम असेल तर पूर्ण भारावर ती तारेतून सुमारे ४.४ किलोवॅट ओढते. तासाला ३.७ नव्हे, ४.४ युनिट. ही तफावत शेतकऱ्याला कुणीतरी नीट समजावून सांगायलाच हवी.

कारण शेतीच्या विजेचा व्यवहार अजून एचपीवरच उभा आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी एचपीवर होते. २०२४ मध्ये जाहीर झालेली मोफत वीज योजनाही ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांसाठी आहे. सवलतीची हद्द ठरवते ती वॉटनं पुढच्या हजारावर नेलेली संख्या.

मोठे प्रकल्प वेगळी भाषा बोलतात. पैठणच्या जायकवाडी धरणावरचं जलविद्युत केंद्र १२ मेगावॅटचं, म्हणजे सुमारे १६,१०० अश्वशक्तीचं, पण तसं कुणी म्हणत नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. अशा कारखान्यांत बनणाऱ्या मोटारसायकलींच्या जाहिरातीत दिसणारं ‘पीएस’ म्हणजे तीच युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती, वॉटच्या एचपीपेक्षा सुमारे दीड टक्क्यानं लहान. विजेवरच्या स्कूटरची मोटार मात्र किलोवॅटमध्ये सांगतात.

सौर पंपानं तर दोन्ही मापं एकाच बांधावर आणली आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपी असं गणित आहे. पॅनेल मात्र वॅटचं. पाचच्या पंपाला ३,७३० वॅट पुरत नाहीत. साधारण ४,८०० वॅटचं पॅनेल बसवतात, कारण काही शक्ती मोटारीत जिरते आणि ऊन दिवसभर सारखं नसतं.