मातीविना रोप : लंडनचा पुदिना आणि खानदेशची केळी

झाडाचे अन्न कोठून येते, असे वर्गात विचारून पाहा. 'मातीतून' हे उत्तर हमखास मिळते. भुसावळ, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यातल्या मुलांनी तर तापीकाठची काळी जमीन, शेणखताच्या गाड्या आणि खतांची पोती घरीच पाहिलेली असतात. प्रकाशसंश्लेषणाचा धडा पाठ झाला तरी हे उत्तर मनातून सहजी हलत नाही. त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. शास्त्रज्ञांनाही या प्रश्नाचा उलगडा व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्या शोधात मातीविना वाढवलेल्या एकेका रोपाने मोठे काम केले. आज ज्याला आपण हायड्रोपोनिक्स म्हणतो, त्याचा जन्म शेतीसाठी झालाच नव्हता. तो झाला झाडाला एक प्रश्न विचारण्यासाठी.

बेल्जियममधील व्हॅन हेल्मॉन्ट याने २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून त्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि त्याला फक्त पाणी दिले. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले, माती मात्र जेमतेम दोन औंसांनी घटली. म्हणजे झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, तो प्रसिद्ध झाला.

हा निष्कर्ष तपासायचा कसा? लंडनच्या जॉन वुडवर्डने माती वगळूनच टाकली. झाड पाण्यापासूनच बनत असेल, तर कोणत्याही पाण्यात ते सारखेच वाढायला हवे. १६९१ च्या जुलैत त्याने पुदिन्याच्या जातीची रोपे वेगवेगळ्या पाण्याच्या बाटल्यांत ठेवली. ७७ दिवसांनी पाहिले, तर झऱ्याच्या पाण्यातले रोप १५ ग्रेन वाढले होते, पावसाच्या पाण्यातले साडेसतरा ग्रेन आणि थेम्स नदीच्या गढूळ पाण्यातले २६ ग्रेन. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) पुढच्या वर्षी त्याने पाण्यात बागेतली माती कालवून पाहिली, तेव्हा वाढ आणखी झाली. त्याचे हे काम १६९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वुडवर्डने रोज किती पाणी घालावे लागले याचीही नोंद ठेवली होती. पावसाच्या पाण्यातल्या रोपाने ३००४ ग्रेन पाणी उचलले आणि वजन वाढले साडेसतरा. म्हणजे एक ग्रेन वाढीसाठी सुमारे १७१ ग्रेन पाणी! बाकीचे पानांवाटे हवेत गेले. थेम्सच्या पाण्यातल्या रोपाला एका ग्रेनमागे सुमारे ९५ ग्रेन पाणी पुरले. पोषण बरे असले की तेवढ्याच पाण्यात वाढ जास्त होते, ही गोष्ट विहिरींची पातळी खाली गेलेल्या मुलखात मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

वुडवर्डला वाटले की झाड पाण्यातून येणाऱ्या मातीच्या सूक्ष्म कणांचे बनते. हे अर्धेच खरे होते. जिनिव्हाच्या द सॉसूरने १८०४ मध्ये दाखवून दिले की झाडाच्या वजनातला मोठा वाटा हवेतल्या कार्बन डायॉक्साइडचा आणि पाण्याचा असतो. मातीतून येणारे क्षार थोडेच, पण त्यांच्यावाचून चालत नाही. मग कोणते क्षार, आणि किती?

याचे उत्तर १८६० च्या सुमारास जर्मनीत मिळाले. युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी पाण्यात मोजून क्षार विरघळवले आणि त्यात रोपे वाढवली. एकेक क्षार वगळायचा आणि रोपाची पाने काय सांगतात ते पाहायचे, अशी ही पद्धत होती. क्नोपच्या द्रावणाचा प्रचलित पाठ असा : एक लिटर पाण्यात १ ग्रॅम कॅल्शिअम नायट्रेट, पोटॅशिअम नायट्रेट, पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि मॅग्नेशिअम सल्फेट प्रत्येकी पाव ग्रॅम, आणि लोहाचा अंश. त्या काळच्या रसायनांतल्या अशुद्धीमुळे काही द्रव्ये नकळत मिळत होती. म्हणून बोरॉनची गरज १९२३ मध्ये आणि मॉलिब्डेनमची १९३९ मध्येच उघड झाली.

प्रयोगशाळेतली ही युक्ती कॅलिफोर्नियाच्या विल्यम गेरिके याने १९२९ पासून शेतीत नेली आणि १९३७ मध्ये तिला हायड्रोपोनिक्स हे नाव दिले. वर्तमानपत्रांनी तिचा फार गाजावाजा केला. त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये तपासून सांगितले की चांगल्या जमिनीपेक्षा द्रावणात आपोआप जास्त पीक येते असे नाही. आपल्या देशात शोल्टो डग्लस याने १९४६-४७ पासून कालिंपाँगला पंपाशिवाय चालणारी स्वस्त पद्धत बसवली. दगडाच्या बारीक खडीत रोप लावायचे, वर कोरडे क्षार भुरभुरायचे आणि पाणी शिंपायचे. त्याचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले.

आता भुसावळच्या कृषी सेवा केंद्रात जाऊ. तिथे '१३:०:४५' नावाने मिळते ते पोटॅशिअम नायट्रेट आणि '०:५२:३४' म्हणजे पोटॅशिअम डायहायड्रोजन फॉस्फेट. कॅल्शिअम नायट्रेट आणि मॅग्नेशिअम सल्फेटही तिथेच मिळतात. ठिबकच्या नळीतून केळीला जाते ते क्नोपच्या बाटलीतलेच रसायन. शिवाय टिश्यूकल्चरची केळी आयुष्याचे पहिले काही महिने बरणीतच काढते. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी तयार केलेल्या क्षारांच्या पाठावर ते माध्यम आधारलेले असते. फरक एवढाच की तिथे साखरही द्यावी लागते. म्हणजे खानदेशातल्या कितीतरी केळीच्या बागांची सुरुवात मातीविनाच झालेली आहे. मात्र पोत्यावरचे आकडे पाठ असलेल्या घरांतही ते कशाचे, हे मुलांना ठाऊक असतेच असे नाही.

वुडवर्डचा प्रयोग २० जुलैला सुरू होऊन ५ ऑक्टोबरला संपला होता. आपल्या पहिल्या सत्रात तो नेमका बसतो. पुदिन्याच्या सारख्या वजनाच्या चार फांद्यांना आधी साध्या पाण्यात मुळे फुटू द्यावीत. मग एकेक फांदी रुंद तोंडाच्या बाटलीत पुठ्ठ्याच्या झाकणातून सोडावी. एका बाटलीत पावसाचे पाणी, दुसरीत विहिरीचे, तिसरीत तापीचे आणि चौथीत पावसाच्या पाण्यात निम्म्या मात्रेचे क्नोपचे द्रावण घ्यावे. लोहासाठी चिलेटेड लोहाचे दोनचार कण पुरतात. प्रत्येक क्षार वेगळा विरघळवून मगच मिसळावा. कॅल्शिअम नायट्रेटचे दाट द्रावण सल्फेट किंवा फॉस्फेटच्या दाट द्रावणात पडले तर साका बसतो. ठिबकचे ड्रिपर तुंबण्याचे हे एक कारण आहे. द्रावणाला मुलांचे तोंड लागणार नाही याची काळजी घ्यावी.

शेवाळ धरू नये म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळावा. वरची मुळे हवेत राहतील इतकी पोकळी ठेवावी, कारण मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना साडेसहाच्या आसपास. भुसावळच्या मे महिन्यात हा प्रयोग न करण्याचे कारण हेच.

रोज घातलेले पाणी मोजून लिहावे आणि ७७ दिवसांनी रोपे पुन्हा तोलावीत. विहिरीच्या आणि तापीच्या पाण्यातला फरक काय निघेल, हे आधी सांगता येणार नाही. चांगदेवला तापीला मिळणारी पूर्णा विदर्भाच्या खारपाणपट्ट्यातून येते आणि विहिरीगणिक क्षार बदलतात. आकडे हाती आले की मुलांना पहिलाच प्रश्न पुन्हा विचारावा आणि उत्तर वहीत लिहायला सांगावे.