अननसाचा थाई फ्राइड राइस: घरी केला की गिचका का होतो आणि रात्रीचा भात वापरताना काय सांभाळायचं?

पुण्यातल्या थाई रेस्टॉरंटच्या मेन्यूत एक पदार्थ हमखास असतो: अर्ध्या कापलेल्या अननसात भरलेला पिवळसर भात, त्यात काजू, बेदाणे आणि अननसाच्या फोडी. रील पाहून तोच भात घरी करायला घेतला की अनेकदा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर भाताचा गिचका होतो, नाही तर तो गोडच लागतो आणि साखरभाताच्या जवळ जातो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे, पाणी. भातात उरलेलं पाणी आणि अननसातून सुटलेलं पाणी. ते सांभाळलं तर हा भात फोडणीच्या भाताइतकाच सोपा आहे. मात्र फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायची जी सवय अनेक घरांत आहे, ती इथे (आणि खरं तर तिथेही) बदलायला हवी. त्याचं कारण चवीचं नाही, तब्येतीचं आहे.

हा पदार्थ नेमका काय आहे?

थाई भाषेत याला 'खाव फाट सप्पारोत' म्हणतात. खाव म्हणजे भात, फाट म्हणजे मोठ्या आचेवर परतलेला आणि सप्पारोत म्हणजे अननस. भात परतायची ही पद्धत थायलंडमध्ये चिनी स्थलांतरितांबरोबर आली. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगिजांनी तो आशियात आणला आणि मराठीतला 'अननस' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला. काजू आणि मिरची यांचा प्रवासही तसाच झाला.

या भाताचा पिवळा रंग अननसाचा नसतो. तो करी पावडरचा असतो आणि करी पावडर म्हणजे मुख्यतः हळद, धने, जिरे, मेथी. म्हणजे या 'परदेशी' भाताचा मसाला मराठी घराच्या मिसळणाच्या डब्यात आधीपासूनच आहे. फळाला तिखट-मीठ लावणंही पुणेकरांना नवं नाही. हातगाडीवर अननसाची फोड तशीच मिळते.

कोणता तांदूळ घ्यावा?

तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट.

पुण्यातल्या घरांत लाडका असलेला इंद्रायणी या कामाला अवघड जातो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेला हा वाण आंबेमोहराच्या वंशातला आहे. त्याचा भात मऊ आणि चिकट होतो. वरणभाताला उत्तम, पण परतायला घेतला की गोळे होतात. आंबेमोहराचंही तसंच.

सोपा पर्याय म्हणजे जुना कोलम किंवा बासमती. थायलंडमध्ये जास्मिन तांदूळ वापरतात. तो मोठ्या दुकानांत मिळतो, पण तोही थोडा चिकटच असतो, त्यामुळे त्याला पाणी बेतानं घालावं लागतं.

जास्मिन तांदळाचा वास हवा असेल तर एक घरगुती उपाय आहे. बासमती, आंबेमोहर आणि जास्मिन या तिन्हींच्या वासामागे मुख्यतः एकच रसायन आहे, त्याचं नाव 2-असिटिल-1-पायरोलिन. अनेक घरांत कुंडीत लावलेल्या अन्नपूर्णेच्या पानातही तेच असतं. थाई स्वयंपाकात हे पान सर्रास वापरतात, तिथे त्याला 'बाय तोय' म्हणून ओळखतात. कोलम शिजताना एक पान गाठ मारून टाकावं आणि भात झाल्यावर काढून घ्यावं.

भात कसा शिजवावा?

तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवावा, म्हणजे वरची स्टार्चची पूड निघून जाते. मग दोन पद्धती आहेत.

पहिली म्हणजे भात वेळून घेणं. भरपूर उकळत्या पाण्यात तांदूळ टाकायचा, दाणा शिजला पण टोकाला किंचित कणी राहिली की चाळणीत ओतून पाणी निथळायचं. बासमतीला ही पद्धत चांगली.

दुसरी म्हणजे बेताच्या पाण्यात शिजवणं. कोलमला वाटीमागे रोज जेवढं पाणी लागतं त्यापेक्षा पाव वाटी कमी घालावं. जास्मिनला एका वाटीला सव्वा वाटी पाणी पुरतं.

शिजलेला भात लगेच परातीत पातळ पसरावा. पंख्याखाली 15-20 मिनिटांत वाफ निघून जाते. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. गार झाल्यावर स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट बांधले जातात, दाणा कडक होतो आणि परतताना तुटत नाही. कालचा भात परतायला चांगला लागतो तो याच कारणानं. त्यात शिळेपणाचा काही वाटा नाही, काम करतो तो गारवा आणि कोरडेपणा. म्हणून सकाळी शिजवून फ्रिजमध्ये गार केलेला भात दुपारीही चालतो.

रात्रीचा भात ओट्यावर राहिला तर?

कच्च्या तांदळात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचं टणक कवचातलं, झोपी गेलेलं रूप. उकळत्या पाण्यात भात शिजला तरी त्यातले काही टिकून राहतात. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात.

अडचण अशी की हे विष उष्णतेनं मोडत नाही. 121 अंश सेल्सिअसला, म्हणजे प्रेशर कुकरमधल्या तापमानाच्या आसपास, दीड तास ठेवूनही ते टिकल्याचं आढळलं आहे. त्यामुळे 'सकाळी कडकडीत परतला की झालं' हा समज चुकीचा आहे. परतल्यानं जिवाणू मरतील, आधी तयार झालेलं विष मात्र भातातच राहील. वास किंवा चव बदलेलच असंही नाही.

असा भात खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. बहुतेकांना एका दिवसात बरं वाटतं, पण लहान मुलं, वृद्ध आणि आजारी माणसांना शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका जास्त असतो. उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांकडे जावं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये हा आजार ओळखला गेला तो चायनीज रेस्टॉरंटमधल्या फ्राइड राइसमुळेच. तिथे शिजवलेला भात परतायच्या वेळेपर्यंत बाहेरच ठेवला जात असे.

ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला लक्षात ठेवायला सोपा आहे: भात शक्यतो तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, 24 तासांच्या आत वापरावा, गरम करताना आतपर्यंत वाफाळू द्यावा आणि एकदाच गरम करावा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तर ओट्यावर रात्रभर राहिलेला भात वापरूच नये.

अननस कसा निवडावा?

अननस झाडावरून काढल्यावर आणखी गोड होत नाही. आंब्यासारखी अढी घालून उपयोग नाही. म्हणून घेतानाच पारखून घ्यावा. बुडाशी गोड वास यावा, हाताला जड लागावा आणि बूड ओलसर किंवा आंबूस वासाचं नसावं.

भारतात मुख्यतः दोन जाती दिसतात. क्यू जातीचा अननस मोठा आणि रसाळ असतो. क्वीन गटातला लहान, डोळे खोल, गर पिवळाधमक आणि करकरीत असतो. केरळच्या वाळाकुलम भागातला मॉरिशस अननस याच गटातला. परतायला क्वीन गटातला चांगला, कारण त्याला पाणी कमी सुटतं. मंडईत किंवा मार्केट यार्डात घेताना तसा मागून घ्यावा. डब्यातला अननस पाकात असतो. तो वापरायचा तर पाक पूर्ण निथळून, फोडी पुसून घ्याव्यात आणि कृतीतली साखर वगळावी.

कच्च्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. जीभ चुरचुरते त्यात त्याचाही हात असतो. त्यामुळे कोळंबी किंवा चिकन अननसाच्या रसात मुरवत ठेवू नये, ते पिठूळ होतं. दह्यात कच्चा अननस घालून ठेवला की तो कडवट लागतो, तेही यामुळेच. तापवल्यावर हे एन्झाइम निकामी होतं. सोबत अननसाचं रायतं करायचं असेल तर फोडी आधी पाच-सात मिनिटं शिजवून गार कराव्यात.

साहित्य (तीन ते चार जणांसाठी)

- तांदूळ दीड वाटी, शिजवून फ्रिजमध्ये गार केलेला
- अननसाच्या बोराएवढ्या फोडी दीड वाटी
- काजू पाव वाटी, बेदाणे 1 मोठा चमचा
- कांदा 1, लसूण 6 पाकळ्या, हिरव्या मिरच्या 2
- गाजर, फरसबी, ढोबळी मिरची बारीक चिरून मिळून 1 वाटी
- सोया सॉस दीड मोठा चमचा
- हळद पाव चमचा, धने-जिरे पूड 1 चमचा, मिरपूड अर्धा चमचा
- साखर अर्धा चमचा, लिंबू 1, मीठ लागेल तसं
- तेल 3 मोठे चमचे, कांदापात आणि कोथिंबीर

थायलंडमध्ये खारटपणासाठी नाम प्ला, म्हणजे मासे आंबवून केलेला सॉस वापरतात. शाकाहारी घरात त्याऐवजी सोया सॉस आणि मीठ पुरतं. रेस्टॉरंटमध्ये खाताना मात्र शाकाहारी मंडळींनी हा सॉस घातला आहे का ते विचारून घ्यावं. भातात मासा दिसत नसला तरी तो असू शकतो. गव्हाची अॅलर्जी असलेल्यांनी सोया सॉसच्या बाटलीवरचे घटक वाचावेत, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो.

कृती

1. अननसाच्या फोडी 10 मिनिटं चाळणीत ठेवाव्यात. निथळलेला रस सरबताला वापरावा, भातात घालू नये.

2. गार भात ओल्या हातानं हलकेच मोकळा करावा.

3. लोखंडी किंवा बिडाची कढई चांगली तापवावी. चमचाभर तेलात काजू बदामी करून काढावेत. त्याच कढईत फोडी मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परताव्यात. कडा तपकिरी झाल्या की त्याही काढून ठेवाव्यात.

4. उरलेलं तेल घालून लसूण, मिरची आणि कांदा परतावा. भाज्या घालून दोन मिनिटं परताव्यात, करकरीत राहायला हव्यात. हळद, धने-जिरे पूड आणि मिरपूड घालून काही सेकंद हलवावं.

5. भात घालून आच मोठीच ठेवावी. घरगुती शेगडीची आच हॉटेलएवढी नसते, म्हणून एका वेळी दोन-अडीच वाट्यांहून जास्त भात घेऊ नये. कढई भरली की भात परतला न जाता वाफेवर शिजतो आणि चिकटतो. दोन घाण्यांत करावा. कालथ्यानं दाबू नये, खालून वर उलटावा.

6. सोया सॉस कढईच्या कडेनं सोडावा. साखर घालावी. सोया सॉस खारट असतो, त्यामुळे मीठ चव पाहूनच घालावं.

7. भात सगळीकडून वाफाळला की अननस, बेदाणे आणि काजू घालून अर्धा मिनिट हलवावं. आच बंद करून लिंबू पिळावं, कांदापात आणि कोथिंबीर घालावी.

अंडं घालायचं असेल तर भाज्यांनंतर कढईच्या मध्ये जागा करून फोडून हलवावं आणि मग भात घालावा. कोळंबी आधी वेगळी परतून शेवटी घालावी.

चव खारट, आंबट, तिखट आणि मग गोड अशी लागायला हवी. फार गोड लागली तर साखरेला दोष न देता आधी लिंबू वाढवून पाहावं.

दुसरी फळं चालतील का?

चालतील, पण फळ घट्ट आणि थोडं आंबट हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक-सांगलीकडची द्राक्षं अर्धी कापून आच बंद केल्यावर घालता येतात. पाडाला आलेल्या, अजून कडक असलेल्या आंब्याच्या फोडी शेवटी घालाव्यात. आंबट सफरचंद अननसासारखंच परतता येतं. डाळिंबाचे दाणे वरून पेरावेत. केळं, पिकलेली पपई आणि पिकलेला हापूस आचेवर विरघळतात, ती टाळावीत.

डब्यात देता येईल का? उरला तर?

या भातासाठी भात एकदा शिजला, गार झाला आणि पुन्हा तापला. त्यामुळे तो पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून तिसऱ्यांदा तापवू नये. खाणाऱ्यांच्या अंदाजानंच करावा. सकाळी गरम भरलेला डबा दुपारपर्यंत कोमट राहतो आणि जिवाणू वाढायला तेवढा वेळ पुरतो. शाळा-ऑफिसच्या डब्यात द्यायचाच असेल तर भात त्याच दिवशी सकाळी शिजवून, गार करून परतलेला असावा आणि तिथे पोचल्यावर डबा फ्रिजमध्ये ठेवायची सोय असावी. तशी सोय नसेल तर हा पदार्थ रविवारच्या जेवणासाठी राखून ठेवणं बरं.