उशिराचा वसंत

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या पायथ्याशी मानेसर हे गाव आहे. गेल्या तीन दशकांत तेथे कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. त्यापूर्वी ते अहीरवाल मुलखातील शेतकऱ्यांचे एक साधे खेडे होते. नोकरीच्या निमित्ताने तेथे राहावयास गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच वर्षी एक कोडे पडते. दिनदर्शिकेत वसंतपंचमी छापलेली असते, आसपासचे लोक पिवळी वस्त्रे नेसून सरस्वतीची पूजा करीत असतात, आणि दाराबाहेर पाहावे तर दाट धुके! सूर्य कासराभर वर आला तरी ऊन अंगाला लागत नाही. महाराष्ट्रात होळी जळाली की थंडी पळाली असे म्हणतात. इकडे काही वर्षी होळीच्या पहाटेसही रजई सोडवत नाही.

वसंताचे नाव आधी येते आणि वसंत मागाहून येतो. मधले दिवस मात्र रिकामे नसतात. मोहरीची शेते पौषापासूनच पिवळी झालेली असतात. डोंगरउतारावरील धौ नावाच्या झाडांची पाने गळण्यापूर्वी तांबूस होतात. मानेसरच्या उत्तरेस सुलतानपूरचा तलाव आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तेथे परतीच्या प्रवासापूर्वीचे दिवस काढीत असतात. मग एखाद्या रात्री हिवाळी पाऊस पडतो. त्या बाजूस त्याला ‘मावठ’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी धुके विरते आणि गव्हाचा हिरवा रंग असा काही उजळतो की पाहणारा क्षणभर थबकतो.

मराठी घरांनीही हे वाट पाहण्याचे दिवस फार पूर्वीपासून सजविले आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. लहान मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे ओततात. रथसप्तमीला अंगणात सूर्याचा रथ रेखाटून गोवऱ्यांवर दूध उतू घालवितात. वसंतपंचमीनंतर दोनच दिवसांनी हा सोहळा येतो. त्यात फुलांचा वसंत नाही. लांबत चाललेल्या दिवसाचे कौतुक आहे. बोरनहाणाची बोरे मानेसरच्या माळावरही पिकतात, एवढी ओळख परक्या मुलखात पुरते.

परंतु हा वसंत नेमका किती उशिरा येतो? तिथी दरवर्षी मागेपुढे सरकतात, हे एक कारण. वसंतपंचमी 2024 साली 14 फेब्रुवारीस आली आणि 2026 साली 23 जानेवारीस. अधिक मास घालून चांद्रवर्षाची सूर्याशी सांगड घातली जाते, म्हणून हे अंतर साधारण एका महिन्यापलीकडे जात नाही. दुसरे कारण खोल आहे. संपातबिंदू दर बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. नक्षत्रे स्थिर धरून केलेल्या निरयन गणनेने सूर्य मीन राशीत 14 मार्चच्या सुमारास शिरतो. संपातापासून केलेल्या सायन गणनेने 19 फेब्रुवारीच्या सुमारास. मीन आणि मेष या दोन राशींचा सूर्य म्हणजे वसंत, असे मानले तर निरयन पंचांगाचा वसंत तीन आठवड्यांहून अधिक उशिरा येतो.

महाराष्ट्रातील विद्वानांनी या तीन आठवड्यांसाठी लेखण्या झिजविल्या. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासावरील त्यांचा थोर ग्रंथ 1896 साली प्रसिद्ध झाला. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. ऋतू आकाशात एक आणि पंचांगात दुसरा, हे त्यांना पटत नव्हते. गंमत अशी की, ज्या सरकण्यामुळे पंचांगाचा घोटाळा झाला, त्याच सरकण्याचा आधार घेऊन लोकमान्य टिळकांनी 1893 साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ मोजला. सायन पंचांग मात्र लोकांच्या देवघरात शिरले नाही. सणाचा दिवस बदलणे हे गणित बदलण्याहून अवघड असते.

पुढे 1952 साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते. 1955 च्या अहवालात समितीने वसंताला फाल्गुन-चैत्र हे महिने दिले आणि फाल्गुनाचा आरंभ 20 फेब्रुवारीस धरला. धार्मिक सणांना मात्र तिने एकदम मागे ओढले नाही. ते यापुढे आणखी सरकू नयेत, इतकीच तजवीज सुचविली. ही तडजोड शहाणपणाची होती. 16 फेब्रुवारी 1956 रोजी साहा दिल्लीतच निधन पावले. 22 मार्च 1957 रोजी, 1 चैत्र शके 1879 या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ते पाहावयास ते नव्हते. आकाशवाणीवरून तेव्हापासून ऐकू येणारी भारतीय सौर तारीख हे त्या खटाटोपाचे फळ होय.

शेतकऱ्याला या वादाचे फारसे सोयरसुतक नव्हते. वसंत लवकर यावा, अशी इच्छा तर त्याने कधीच केली नाही. कार्तिकात पेरलेला गहू फाल्गुनात दाणा धरतो, आणि त्या वेळी हवेत गारवा लागतो. उन्हाची घाई झाली की दाणा भरण्याआधीच सुकतो. 2022 साली हेच घडले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे तो मार्च 1901 पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरयाणाच्या शेतांत गहू बारीक निघाला, उतारा घटला, आणि 13 मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. त्या वर्षी मानेसरकडे थंडी वेळेआधी गेली म्हणून ज्यांना बरे वाटले ते बहुधा शेतकरी नसावेत.

थंडी रेंगाळली की तिकडची म्हातारी माणसे उन्हाला खाट टाकून बसतात आणि समाधानाने गव्हाकडे पाहतात. ओंबीत दूध भरत असते. मोहरीची फुले झडून शेंगा धरलेल्या असतात. पळसाच्या काळ्या कळ्या अद्याप मिटलेल्याच असतात, आणि कडुनिंब आपली जुनी पाने एकेक करून अंगणात टाकीत असतो.