चढलेला सूर

आमच्या चांदूर रेल्वेला माझ्या लहानपणी तंबूतला सिनेमा येई. प्रभातचा ‘संत तुकाराम’ वडिलांनी तिथेच पाहिला. दामले-फत्तेलालांचा हा बोलपट १९३६ चा. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला. वडिलांना व्हेनिसशी कर्तव्य नव्हते. ते भजनी मंडळात पेटी वाजवीत. विष्णुपंत पागनिसांचा सूर कानांत धरून ते घरी आले, त्याच रात्री तो पेटीवर शोधला आणि त्या पट्टीवर शाईची खूण केली.

१९८० नंतर केव्हातरी आळीत दूरचित्रवाणी आली. एके दिवशी ‘तुकाराम’ लागला. वडील पेटी घेऊनच बसले. पहिल्याच अभंगाला त्यांचा हात थांबला. “सूर चढला काहून गा?” ते म्हणाले. आम्ही हसलो. म्हाताऱ्याचे कान गेले, असे मीच बोललो. त्यांनी मुकाट्याने पेटी मिटली.

खरे काय होते, ते मला ते गेल्यावर उमगले. चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची माळ. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला सोळा चित्रे की वीस, हे मनगटावर अवलंबून. मूकपटात ते खपून जाई. बोलपटाचा आवाज मात्र फितीच्याच कडेला उमटलेला. वेग हलला की आवाज हलणार. म्हणून सेकंदाला २४ चित्रे हा जगभरचा दंडक झाला.

दूरचित्रवाणीचा हिशेब विजेच्या तालावर बसविलेला. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, म्हणून पडद्यावर पूर्ण चित्रे २५. मग चोविसांचे पंचवीस करायचे कसे? ५० आवर्तनांच्या देशांत सोपा मार्ग रूढ झाला : फीतच किंचित वेगाने पळवायची. तासाभराच्या चित्रपटातून जवळजवळ अडीच मिनिटे गळतात. डोळ्यांना पत्ता लागत नाही. सूर मात्र चढतो. पेटीच्या दोन लगतच्या स्वरांत जेवढे अंतर, त्याच्या सुमारे सत्तर टक्के! अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची. तिथे काही चित्रे थोडी अधिक वेळ दाखवून सूर सांभाळला, पण चाल अडखळली.

आज माझ्याकडे नवा संच आहे. सेकंदाची २४ चित्रे तो आहेत तशी दाखवू शकतो. पण आला तेव्हा दोन चित्रांच्या मधे स्वतःच रचलेली चित्रे घुसडीत होता. तुकोबा तेलावरून घसरावेत तसे गुळगुळीत चालू लागले. कोणीही न टिपलेली ती चित्रे मला पाहवेनात. मी ती सोय बंद केली.

मग माळ्यावरून वडिलांची पेटी काढली. भाता ओढला, पुसट खुणेच्या पट्टीवर बोट ठेवले आणि अभंग सुरू होण्याची वाट पाहिली. सूर जुळला.

बाबा, कान आमचेच गेले होते.