चष्म्याची फ्रेम: चेहऱ्याला शोभणारी, नंबराला मानवणारी

गोल चेहऱ्याला कोनदार आणि चौकोनी चेहऱ्याला गोलसर फ्रेम शोभते, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र आकारापेक्षा मापाला अधिक महत्त्व द्यावे. काडीच्या आतील बाजूस ५२-१८-१४० असे आकडे छापलेले असतात. ते अनुक्रमे भिंगाची रुंदी, नाकावरील दोन भिंगांमधील अंतर आणि काडीची लांबी मिलिमीटरमध्ये दर्शवतात. जुना चष्मा नीट बसत असेल, तर तेच आकडे टिपून दुकानात जावे. आरशापुढे वीस फ्रेमा लावून पाहण्यापेक्षा हे सोपे.

लघुदृष्टीचा नंबर मोठा असल्यास निवड जपून करावी लागते. अशी भिंगे मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असतात. रुंद फ्रेममध्ये ही जाडी उघडी पडते, चष्मा जड होऊन नाकावरून घसरतो आणि भिंगाचा मध्य बाहुलीसमोरून हलल्याने नजरेवर ताण येतो. बाहुली मध्याजवळ राहील अशी लहान, गोलसर फ्रेम येथे दिसायलाही बरी. नाक बसके असल्यास हलवता येणाऱ्या नाकपट्ट्यांची धातूची फ्रेम घ्यावी. प्रोग्रेसिव्ह भिंगांसाठी मात्र फ्रेमला पुरेशी उंची हवी, अन्यथा वाचनाचा खालचा भागच कापला जातो.