कृत्रिम स्तन : निवडीचा इतिहास

वसंत व्याख्यानमाला म्हटली की शिवकाल, संतवाङ्मय, सहकाराची चळवळ असे विषय श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे येतात. मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावी स्त्रीच्या स्तनांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहावे, हे काही वडीलधाऱ्या मंडळींस चमत्कारिक वाटेल. परंतु भारतातील स्त्रियांत आज जे कर्करोग आढळतात, त्यांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. अकोल्यास किंवा नागपुरास जाऊन स्तन काढून घेऊन आलेली बाई आपल्या पंचक्रोशीत आता नवलाची राहिलेली नाही. दुसरीकडे केवळ शरीराचा बांधा सुधारावा म्हणून ही शस्त्रक्रिया करून घ्या, पैसे हप्त्याने द्या, अशा जाहिराती हातातल्या फोनवर रोज येतात. ज्या गोष्टीविषयी बोलावयाची लाज वाटते, त्या गोष्टीत माणूस सर्वांत लवकर फसतो. म्हणून हा विषय चारचौघांत मांडणे आम्ही आवश्यक समजतो.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत हिंडण्यात गेले आणि जे काही शिक्षण झाले ते वाचनालयांत झाले. कारखान्यात नवे यंत्र आले की युनियनचा माणूस तीन प्रश्न विचारतो. माल कोणता आहे? त्याची नोंद कोण ठेवतो? आणि अंगावर बेतले तर भरपाई कोण देतो? हेच तीन प्रश्न घेऊन आम्ही हा इतिहास वाचला, आणि तो तसाच आपणांपुढे ठेवीत आहोत.

या इतिहासाचे पहिले पान आपल्याच मुलखातले आहे. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकीत होता. तो टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक करून दिले. ही कृती मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी समक्ष पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' मासिकात ती चित्रासह छापून आली. त्या कुंभाराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर पसरून रेषा आखली आणि तेवढी कातडी सोडविली. मात्र दोन डोळ्यांमधील एक पट्टी त्याने तोडली नाही, कारण तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळावयाचे होते. कातडी वळवून नाकाच्या जागी बसविली, वर काताचा लेप दिला आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक रुजल्यावर, ती पट्टी कापली. हा वृत्तान्त वाचून लंडनच्या कार्प्यू या सर्जनने १८१४ साली तीच क्रिया तेथे केली. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीस तेथून चालना मिळाली.

या गोष्टीचा अभिमान आपण बाळगतो, तो रास्तच आहे. पण आमचे लक्ष आणखी दोन गोष्टींकडे जाते. नाकासाठी वापरलेला माल त्या गाडीवानाच्या स्वतःच्याच अंगचा होता. आणि मासिकात असेही नमूद आहे की, कावसजीला कंपनी सरकारचे पेन्शन मिळत होते. कामावर असताना अंग गेले, ते स्वतःच्याच कातडीने दुरुस्त झाले आणि वर भरपाईही मिळाली. पुढच्या दोनशे वर्षांत या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच जुळल्या.

स्तनाच्या बाबतीतही आरंभ स्वतःच्याच मांसाने झाला. १८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे चेर्नी या सर्जनने एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढली, आणि तिच्याच पाठीवर वाढलेली चरबीची निरुपद्रवी गाठ त्या पोकळीत बसविली. परंतु अशी सोयीची गाठ प्रत्येकीच्या पाठीवर थोडीच असते! म्हणून बाहेरचा माल शोधण्याची घाई सुरू झाली. व्हिएन्नाच्या गेरझुनीने पॅराफिन, म्हणजे मेणासारखा पदार्थ, सुईने अंगात भरण्याची रीत काढली. प्रथम सारे छान दिसे. काही वर्षांनी मेणाच्या गाठी होत, त्या सरकत आणि कातडी फाटून जखमा वाहत. १९५० च्या सुमारास प्लास्टिकचे स्पंज आले. त्यांत शरीराचे तंतू शिरत, स्पंज आक्रसे आणि स्तन दगडासारखा कठीण होई. दोन्ही वेळी प्रकार एकच घडला. वस्तू आधी स्त्रियांच्या अंगात गेली आणि तिचा दोष मागाहून कळला.

मग सिलिकोन आले. अमेरिकेत १९४३ साली डाऊ आणि कॉर्निंग या दोन कंपन्यांनी मिळून सिलिकोनचा व्यवसाय उभारला, तो विमानांच्या आणि युद्धसामग्रीच्या गरजेपोटी. लढाई संपल्यावर या मालाला नव्या बाजारपेठा हव्या होत्या. जपानमध्ये पातळ सिलिकोन थेट स्तनांत टोचले गेले आणि मेणाचीच दुर्दशा पुन्हा घडली. तेव्हा टेक्सासमधील ह्यूस्टनच्या क्रोनिन व जेरो या सर्जनांनी सिलिकोनच्याच पिशवीत घट्ट जेल भरले, ते एका कुत्रीवर आजमावून पाहिले आणि १९६२ साली एका स्त्रीच्या शरीरात बसविले. ही स्त्री सहा मुलांची आई होती आणि गोरगरिबांच्या इस्पितळात आली होती ती अंगावरचे गोंदण काढून घ्यावयास. स्तन मोठे करण्याची तिची मागणी नव्हती. तिला आपले पुढे आलेले कान नीट करून हवे होते, आणि डॉक्टरांनी तेही करून दिले. जगातील पहिली निवड ही अशी झाली. निवडले डॉक्टरांनी, आणि अंग गरीब बाईचे. पुढे लवकरच फ्रान्समध्ये मिठाच्या पाण्याने, म्हणजे सलाईनने, भरलेली पिशवी निघाली. या दोन जाती आजतागायत चालू आहेत.

आता नोंदीचा प्रश्न पाहा. अमेरिकेत अशा वस्तूंवर देखरेख ठेवणारा कायदा १९७६ साली झाला, म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर चौदा वर्षांनी. आधीपासून बाजारात असलेला माल तपासणीवाचून तसाच चालू राहिला. पिशव्या फुटल्याच्या आणि कठीण झाल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. स्त्रिया कोर्टात गेल्या, कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, आणि १९९२ साली सरकारने जेलच्या पिशव्यांवर निर्बंध घातले. कर्करोगानंतरच्या स्त्रियांना त्या पाहणीच्या अटीवर मिळत, हौसेसाठी नव्हेत. १९९५ साली डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिलिकोनमुळे संधिवातासारखे सर्वांगाचे रोग होतात, असा त्या खटल्यांतील मोठा आरोप होता. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सारा पुरावा तपासून सांगितले की, तसा संबंध सिद्ध होत नाही. मात्र पिशवी फुटणे, भोवतीचे आवरण आवळून स्तन कठीण होणे, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे त्रास खरे आणि वारंवार होणारे आहेत. कंपनीचा दोष नोंद न ठेवण्यात होता. नोंदी वेळेवर ठेवल्या असत्या, तर खरा धोका लवकर कळला असता आणि नसलेल्या धोक्याची भीती हजारो घरांत शिरली नसती. पुढे २००० साली सलाईनच्या आणि २००६ साली जेलच्या पिशव्यांना तेथे रीतसर परवानगी मिळाली.

पण परवानगीचा शिक्का म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. फ्रान्समध्ये पीआयपी नावाच्या कंपनीने वैद्यकीय सिलिकोनऐवजी कारखान्यात वापरावयाचे स्वस्त सिलिकोन भरले. युरोपात विकण्यास लागणारे प्रमाणपत्र तिच्यापाशी होते! २०१० साली तपासनीसांनी हे बिंग फोडले. तोवर फ्रान्समधील सुमारे ३०,००० आणि जगभरातील लाखो स्त्रियांच्या अंगात तो माल गेला होता. मालकाला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांचे प्रकरण निघाले. पिशवी जागेवरून सरकू नये म्हणून पृष्ठभाग खरखरीत करण्याची पद्धत होती. २०११ साली अमेरिकी सरकारने इशारा दिला की, पिशवीभोवतीच्या आवरणात एक विरळा रक्तपेशींचा कर्करोग उद्भवू शकतो. जुलै २०१९ पर्यंत जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले. त्यांतील बहुसंख्य रुग्णांत एकाच कंपनीच्या पिशव्या होत्या. ॲलर्गन या त्या कंपनीने त्या जगभरातून परत घेतल्या. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी घाबरून त्या काढून घ्याव्यात, असे मात्र तज्ज्ञांनी सांगितले नाही.

हे सारे परदेशचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे विद्या नव्हती असे नाही. डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. डॉ. नोशीर अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. इस्पितळात कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे सुधारून त्यांना कामावर परत धाडले. उणीव विद्येची नव्हती, नोंदवहीची होती. कृत्रिम खुब्याचे प्रकरण आठवा. डेप्यू कंपनीचे सदोष सांधे २०१० साली जगभरातून परत मागविले गेले. तोवर भारतात असे सांधे बसविण्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यांपैकी हजाराच्या आसपास रुग्णांचाच माग लागला. बाकीच्यांच्या मांडीत काय आहे, हे सांगणारा कागदच कोठे नव्हता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पाठपुरावा केला, पण भरपाईचे सूत्र ठरावयास २०१८ साल उजाडले आणि तेही कोर्टात अडकले. अशा वस्तूंच्या तक्रारी नोंदविण्याची देशव्यापी योजना २०१५ मध्ये निघाली, आणि वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. नियम चांगले आहेत. पण कामगार चळवळीने एवढे शिकविले आहे की, मागणारा नसेल तर नियम कपाटात राहतो.

तेव्हा मागणाऱ्या स्त्रीला काय ठाऊक असावे? सलाईनची पिशवी फुटली तर ती लगेच बसते, पाणी अंगात जिरते आणि बाईला कळते. परंतु ती हाताला कमी नैसर्गिक लागते. जेलची पिशवी हाताला मऊ लागते, पण ती गुपचूप फुटते. म्हणून काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहावे, असा सल्ला आहे. पिशवीची किंमत सांगणारा या तपासण्यांचा खर्च सांगतोच असे नाही. आणि इंझोरीहून त्यासाठी शहर गाठावे लागते, तो रोज बुडतो तो वेगळाच. थेंबाच्या आकाराची पिशवी फिरली तर स्तन वेडावाकडा दिसतो, म्हणून तिला बहुधा खरखरीत पृष्ठभाग देतात. गोल पिशवी फिरली तरी बिघडत नाही, म्हणून ती गुळगुळीत चालते. कोणतीही पिशवी जन्मभराची नसते, आणि पिशवी असल्यास मॅमोग्राफी करणाऱ्याला आधी सांगावे लागते. तिसरा मार्ग पुण्याच्या कुंभाराचा, म्हणजे स्वतःच्या पाठीचे किंवा पोटाचे मांस वळवून स्तन घडविण्याचा. त्यात शस्त्रक्रिया मोठी आणि अंगावर दुसरी जखम, पण परका माल नाही. आणि चौथा मार्ग काहीच न बसविण्याचा. चोळीत कापसाची किंवा सिलिकोनची गादी घालूनही कामाला जाता येते. यांतला कोणताही मार्ग लाजेचा नाही. हौसेने करणारीलाही आम्ही हिणविणार नाही. शरीर तिचे आहे. मात्र हौस असो वा गरज, निवड तिचीच असावी आणि ती पुरत्या माहितीची असावी.

आता भरपाईविषयी सांगून संपवितो. रेच्यात बोट गेलेल्या कामगाराची बाजू मांडताना १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचे परिशिष्ट आम्ही अनेकदा उघडले. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, चेहरा फार विद्रूप झाला तर १०० टक्के, असा त्यात प्रत्येक अवयवाचा हिशेब होता. त्या यादीत स्तन नव्हता. कमाई करणारे अंग तेवढे अंग, असे कायदा मानीत होता. स्तन गेलेल्या बाईला कमाईत तोटा नाही, असे कोण म्हणेल? ती ओझे उचलताना अवघडते, चारचौघींत यावयाचे टाळते आणि रोज बुडविते. तिच्या दुरुस्तीला 'सौंदर्याची हौस' म्हणून बाजूला सारणे आम्हांला अन्यायाचे वाटते. कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडविणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि ज्या सरकारी किंवा विमा योजनेतून स्तन काढला जातो तिच्यातूनच तो घडविलाही जावा, ही मागणी युनियनांनी आणि महिला मंडळांनी उचलून धरावी.

आणि तोवर प्रत्येकीने एवढे तरी करावे. अंगात काही बसवून घेतलेच, तर कंपनीचे नाव, जात, माप आणि पिशवीचा क्रमांक लिहिलेले कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्यावे. ते रेशनकार्डाशेजारी ठेवावे आणि घरातील आणखी एका माणसास दाखवून ठेवावे. कावसजी गाडीवानाची गोष्ट आज आपण सांगू शकतो, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. आपल्या बायाबहिणींच्या अंगात काय बसविले आहे, एवढे तरी लिहून ठेवलेले असावे.