पित्ताशय-उच्छेदन

यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली पित्ताची पिशवी शस्त्रक्रियेने समूळ काढून टाकणे. बोलीत नुसते ‘पिशवी काढली’ म्हटले की बहुधा गर्भाशय काढले असा अर्थ होतो. म्हणून रुग्णाचा पूर्वेतिहास घेताना कोणती पिशवी हे विचारून घ्यावे लागते.

कारणे : पोटात कळा आणणारे खडे हे मुख्य कारण. पित्ताशयशोथ, खड्यांमुळे झालेला स्वादुपिंडशोथ आणि १० मिमी.हून मोठा पॉलिप यांसाठीही ही शस्त्रक्रिया करतात. सोनोग्राफीत सहज सापडलेल्या, त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा हात लावत नाहीत.

इतिहास : कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिन येथे १५ जुलै १८८२ रोजी पहिले पित्ताशय काढले. तोपर्यंत पित्ताशय उघडून केवळ खडे काढत. खडे जिथे तयार होतात ती जागाच काढावी, हा विचार त्यांचा. दुर्बिणीतून पहिले पित्ताशय एरिख म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे काढले. व्यवसायबंधूंनी त्यांना दाद दिली नाही. जर्मन शल्यचिकित्सकांच्या संस्थेने गौरव केला तो १९९२ मध्ये. पुष्कळ ग्रंथांत मात्र अग्रमान ल्यों येथील फिलिप मूरे (१९८७) यांना दिलेला आढळतो. भारतात ही पद्धत १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणली. निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याचे काम ते १९७२ पासूनच करीत होते.

सुश्रुतसंहितेतील अश्मरीची शस्त्रक्रिया मूत्राशयातील खड्यांची आहे. तिचा येथे संबंध नाही.

पद्धत : पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डाय-ऑक्साइड भरतात (दाब १२ ते १५ मिमी. पारा). बेंबीजवळून दुर्बीण आणि वर तीन छिद्रांतून हत्यारे घालतात. पित्ताशयाची नलिका व धमनी यांना क्लिपा लावून त्या कापायच्या, हे सांगायला सोपे आहे. खरी कसोटी ही नलिका व धमनी जेथे असतात त्या ‘कालोच्या त्रिकोणात’ लागते. सुजेने तेथील ऊती एकमेकींना चिकटलेल्या असल्या, की मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नलिका समजून कापली जाते आणि रुग्णाला पुढे अनेक वर्षे त्याचे परिणाम भोगावे लागतात. त्रिकोण साफ झाला आहे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटला आहे आणि पित्ताशयात फक्त दोनच नळ्या शिरताना दिसत आहेत, या तीन खुणा पटल्याशिवाय काहीही कापू नये, असा दंडक शल्यचिकित्सक स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये घालून दिला. खुणा पटत नसतील तर उजव्या बरगडीखाली छेद घेऊन पोट उघडणे किंवा पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणे इष्ट. नवशिके याला अपयश मानतात. तसे ते नाही.

आहार : कायमचे पथ्य नसते. पित्त यकृतात तयार होतच राहते. काहींना जुलाबाचा त्रास होतो.

काढलेले पित्ताशय कर्करोगाच्या शक्यतेमुळे ऊतकपरीक्षेला पाठवतात. खडे बाटलीत घालून नातेवाइकांना देण्याची पद्धत आपल्याकडे आहे.